आधी रिकाम्याचे वजन

ज्या दिवशी मी वसई सोडली, त्या दिवशी आईने माझी बॅग केळीच्या तराजूवर चढवली.

आमच्या वाडीत चिकूच्या फांदीला एक मोठा तराजू टांगलेला असे. व्यापाऱ्याचा टेम्पो यायच्या आधी आई केळीची प्रत्येक टोपली त्यावर तोलून घेई. माझे नुकतेच लग्न झालेले, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, अंगावर नवी साडी, दारात टॅक्सी उभी. आणि आई माझी कोरी बॅग उघडून सगळे सामान बाहेर काढत होती. सुके बोंबील, बाटली मसाला, दोन चादरी, प्रार्थनेचे पुस्तक, सगळे बाजेवर. मग तिने रिकामी बॅग पारड्यात ठेवली.

"आई, विमान सुटेल," मी म्हणाले.

"नाही सुटत. ही बॅग स्वतः किती खाते ते आधी कळू दे. बोंबलाचे पैसे देऊ, बॅगेच्या कातड्याचे कशाला?"

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रिकाम्या बॅगेचे वजन पाहून आईने ती बॅग नापसंत केली, घरातली जुनी हलकी बॅग मागवली आणि तिच्यात सगळे सामान पुन्हा भरले. विमानतळावर माझ्यापुढे उभी असलेली माणसे लोणच्याच्या बरण्या काढून नातेवाइकांच्या हातात परत देत होती. माझी बॅग काट्यावर गेली आणि काउंटरवरचा माणूस नुसता मान हलवून पुढच्याकडे वळला. आईचा एकही बोंबील मागे राहिला नाही.

रेचल, नोएल, ही गोष्ट तुम्हाला आज सांगण्याचे कारण मागच्या रविवारचा आपला फोन. रेचल कोट घालून अभ्यासाला बसली होती. तुमच्या अंगणातल्या टाकीत घर तापवायचे रॉकेल भरायला टँकर येऊन गेला होता, आणि बिल पाहून तुमच्या बाबाने घर संध्याकाळीच तापवायचे असा हुकूम काढला होता. मी म्हणाले, टँकर आला तेव्हा टाकीजवळ कोण उभे होते? त्यावर नोएल हसून म्हणाला, "आजी, यू लिव्ह इन अ डेझर्ट! तुला हीटिंग काय माहीत?"

मला काय माहीत आहे ते आता ऐका. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्ही भरभर वाचून मोकळे झाला असता. मराठीत लिहिते आहे म्हणजे बाबाला शेजारी बसवून वाचावे लागेल, आणि ही गोष्ट त्यानेही पुन्हा ऐकावी असे मला वाटते.

ओमानला आले तेव्हा थंडी हा शब्द मी जवळजवळ विसरूनच गेले. आम्ही राजधानीतल्या रुवी भागात राहायचो. खाली एक्सचेंजचे दुकान, समोर बस आणि टॅक्सीवाल्यांचा आरडाओरडा, आणि एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापे की नळाखाली हात धरवत नसे. मग आम्ही गीझर बंद ठेवायचो आणि त्याच्यात साठून गार झालेले पाणी अंघोळीला घ्यायचो. म्हणजे आमच्या घरी गीझर होता तो पाणी गार करायला! गरम हवे असेल तर नाताळच्या सुट्टीत रुस्ताकच्या झऱ्यांवर जायचे, पाय सोडून बसायचे. जमिनीतून आलेले, फुकटचे गरम.

त्याच फ्लॅटमध्ये तुमचा बाबा रांगायला लागला. मग घरमालकाने भाडे वाढवले, आणि आजोबांनी ठरवले की मी तुमच्या बाबाला, स्टीफनला घेऊन काही दिवस वसईला जावे. 'काही दिवस' म्हणता म्हणता दोन वर्षे झाली. परत आलो तेव्हा विमानतळावर आजोबा हात पसरून उभे होते, आणि तुमचा बाबा माझ्या साडीमागे लपून म्हणाला, "हे अंकल कोण?" आजोबा हसले. मीही हसले. पुढे मला मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली, दोन पगारांत स्वतःचा फ्लॅट झाला, सगळे नीट झाले. पण ती दोन वर्षे कुणी परत आणून दिली नाहीत.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मी निवृत्त झाले आणि वाटले, आता वसई. तेवढ्यात आजोबांच्या हॉटेल कंपनीने त्यांना विचारले, जबल अखदरवरच्या आमच्या नव्या हॉटेलात चादरी-टॉवेलांची लिनन-रूम सांभाळाल का? जबल अखदर म्हणजे हिरवा डोंगर. तिथे डाळिंबे होतात, गुलाब होतात. रस्ता असा उभा की पायथ्याच्या चौकीवर पोलीस गाडी पाहतात, फोर-व्हील-ड्राइव्ह नसेल तर परत पाठवतात. आजोबा म्हणाले, "दोन वर्षं हवा खाऊ आणि मग जाऊ घरी." त्यांचे 'दोन वर्षे' म्हणजे काय ते मला ठाऊक होते, तरी मी हो म्हटले.

पहिल्या डिसेंबरमध्ये कळले की ही हवा खाण्यासारखी नव्हती, हीच आम्हाला खात होती. रात्री बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा. हॉटेलच्या पाहुण्यांना सगळी सोय होती, पण आम्ही कर्मचारी खालच्या गावात जुन्या दगडी घरांत भाड्याने राहायचो. विजेचे हीटर लावले की फ्यूज उडे. म्हणून सगळ्यांनी चाकांवरचे गॅसचे हीटर घेतले होते. सिलेंडर बाहेर अंगणात, तिथून नळी खिडकीतून आत. खिडकीला बोटभर फट ठेवायचीच, हा माझा नियम, आणि तो मी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पाळायला लावला.

सिलेंडर पण किती लागावेत! रुवीत एक सिलेंडर आम्हाला जुना मित्र वाटेल इतका टिकायचा. इथे एक लावला म्हणेपर्यंत ज्योत पिवळी, मग खुजी, मग पहाटे फट् करून बंद. खलास. दर गुरुवारी खमीस नावाचा गॅसवाला पायथ्याकडून गाडी भरून यायचा, रिकामे उचलायचा, भरलेले ठेवायचा, आणि डोंगराचा म्हणून वेगळा भाव लावायचा. आम्ही सगळे समुद्रकाठची माणसे. कुणी वसईचे, कुणी कोकणातले, कुणी केरळचे. ज्योत गेली की सिलेंडर संपला, हे आमच्या लहानपणापासूनचे ज्ञान. त्यात शंका घ्यायची असते हे कुणाला सुचलेच नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत महेश परब आणि अश्विनी राहत. दोघे कुडाळकडचे. महेश हॉटेलच्या किचनमध्ये मासे साफ करायचा, कापायचा. डोंगरावर मासे कापणारा कोकणी माणूस, यावर तो स्वतःच विनोद करी. त्यांची वेदा तेव्हा चार महिन्यांची होती. मऊ कापूस गुंडाळलेली बाहुली. नाक तेवढे दिसायचे, तेही लाल. तिच्यासाठी त्यांचा हीटर रात्रभर चाले, आणि सिलेंडर आमच्याहून लवकर संपे. ज्योत गेली की महेश बाहेर जाऊन सिलेंडर आडवा करून हलवायचा. घरी त्याच्या आजीने शिकवलेली युक्ती! मी एकदा खिडकीतून ओरडले, "महेश, तो सिलेंडर आहे, नारळ नाही! उभा कर आधी!"

एका संध्याकाळी अश्विनी वेदाला घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"काकू, ह्यांनी तिकीट काढल्यानी. माझा आणि बाळाचा. पुढच्या शनिवारचा." मग एकदम तिचा बांध फुटला. "माका जावचा नाय ओ काकू."

महेश मागोमाग आला. दारातच उभा राहिला. "काकू, तुम्हीच समजवा हिला. अर्धा पगार जाळतोय मी रात्री. बाळ गारठलं तर काय करू? उन्हाळा आला की बोलवीन परत. काही दिवसांचा तर प्रश्न आहे."

काही दिवस. मी आजोबांकडे पाहिले. ते घडी करत असलेला टॉवेल तसाच हातात धरून बसले होते. मी वेदाला मांडीवर घेतले, आणि तिने माझे बोट घट्ट धरले. वसईहून परत आलेल्या माझ्या लेकराने आपल्या बापाला काय म्हटले होते ते मी महेशला सांगावे असे वाटले, पण सांगून उपयोग काय? त्याच्याकडे पैसे नव्हते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाले, तेही चहाच्या तल्लफेपोटी.

आमचा सिलेंडर त्या पहाटे गेला होता. मी तो काढून अंगणात भिंतीशी उभा करून ठेवला, खमीसला द्यायला. नवा लावला नव्हता, कारण होता तो एकुलता भरलेला मी रात्री महेशला दिला होता. दुपारी चहा हवा होता. मनात म्हटले, शेवटचा श्वास असेल तर असेल, एक कप निघाला तर निघाला. तो मेलेला सिलेंडर परत जोडला, शेगडी पेटवली.

निळी ज्योत! भांड्याच्या कडा चाटणारी, सरळ, गर्जणारी निळी ज्योत. एक कप नव्हे, मी आजोबांसाठी डाळ शिजवली, भात केला, पाणी तापवले. ज्योत हलली नाही.

आजोबा जेवायला आले तेव्हा मी कमरेवर हात ठेवून शेगडीकडे बघत उभी होते.

"काय झालं? डाळ लागली?"

"आगुस्तिन, पहाटे मेलेला सिलेंडर दुपारी जिवंत झाला."

"कुमारी मरियेची कृपा," म्हणून ते जेवायला बसले.

मला मात्र जेवण गेले नाही. सिलेंडर ज्या भिंतीशी होता तिथे सकाळपासून ऊन होते. त्यात गॅस होता, तर पहाटे गेला कुठे? आणि आजवर आम्ही 'रिकामे' म्हणून किती सिलेंडर परत दिले, त्यांत काय होते? हे कळायचे कसे? डोळ्यांनी तर आतले दिसत नाही. तेवढ्यात मला बाजेवर पसरलेले बोंबील दिसले, आणि पारड्यात बसलेली माझी रिकामी बॅग.

बॅग स्वतः किती खाते ते आधी कळू दे.

मी बाहेर गेले. सिलेंडरच्या वरच्या कड्यावर रंगाचे थर चढलेले होते. नाण्याने खरवडले तर खाली ठोकलेला आकडा निघाला. रिकाम्या टाकीचे वजन! कारखान्यानेच कोरून ठेवले होते, आईच्या जातीचे कुणीतरी तिथेही होते म्हणायचे. आता काटा हवा. आमचे घरमालक सुलैमान यांच्या शेडमध्ये डाळिंबांच्या पेट्या तोलायचा जमिनीवरचा काटा होता. त्यांना विचारले तर म्हणाले, "घ्या ना टीचर, डाळिंबं संपली आता." पण काटा तरी खरा आहे का? बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, तांदळाचे बंद पोते आणून आधी ते ठेवले. काटा खरे बोलत होता. मग सिलेंडर.

आजोबांनी आकडा वाचला, कड्यावरचा आकडा वाचला, पुन्हा काट्याकडे पाहिले. "फिलोमिना," ते म्हणाले, "तू केळीवालीची पोर आहेस हे मी विसरलोच होतो."

इतका स्वयंपाक होऊनही आत चांगला तिसरा हिस्सा गॅस होता.

रात्री मी तुमच्या बाबाला फोन लावला. तो इंजिनीअर, त्याला कारण माहीत असणार. त्याने दोन मिनिटांत सांगितले: सिलेंडरमध्ये गॅस पातळ रूपात असतो, त्याची वाफ झाली तरच ज्योत मिळते. गल्फमधला गॅस उन्हाळ्याच्या हिशेबाने बनवतात. कडाक्याच्या थंडीत तो वाफ व्हायला नकार देतो आणि तळाशी निजून राहतो. रात्रभर हीटर ओढत राहिला तर सिलेंडर आणखीच गार पडतो. "आई, यात नवीन काही नाही, पुस्तकात आहे," तो म्हणाला.

"पुस्तकात आहे ना? मग आम्ही पैसे पुस्तकाला देत होतो का खमीसला?"

यावर तुमचा बाबा हसला, आणि मग एकदम गंभीरपणे त्याने मला बजावले की सिलेंडरवर गरम पाणी ओतायचे नाही, आग जवळ न्यायची नाही, आडवा तर मुळीच करायचा नाही. उन्हाच्या भिंतीशी ठेवा आणि एकावर सगळा भार टाकू नका, बस.

मला हवे ते मिळाले होते. दुसऱ्या सकाळी मी अश्विनीला आणि इतर घरांतल्या बायकांना बोलावले. ज्याच्या-त्याच्या अंगणातले 'रिकामे' सिलेंडर महेश आणि आजोबांनी सुलैमानच्या शेडमध्ये आणले. एकेक तोलला. कुणात पाव गॅस, कुणात तिसरा हिस्सा. महेशच्या दोन्हीत सगळ्यात जास्त, कारण त्याचा हीटर रात्रभर चालायचा. एकच खरोखर रिकामा निघाला, तो केरळच्या लिसीचा. ती फक्त दुपारी स्वयंपाक करायची आणि रात्री तीन गोधड्या घेऊन झोपायची. लिसी इतकी खूश झाली की जणू तिला परीक्षेत पहिला नंबर मिळाला.

महेश काट्याजवळ उकिडवा बसला होता. "काकू," तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी गॅस परत देऊन बाळाला परत पाठवत होतो?"

"अजून कुणी कुणाला पाठवलेलं नाही," मी म्हणाले. "गुरुवार येऊ दे."

गुरुवारी खमीसची गाडी आली. खमीस वाईट माणूस नाही. पोट सुटलेला, हसरा, आमच्यासारखाच हिंदी मोडून बोलणारा. मला तो 'मामा' म्हणतो, म्हणजे त्यांच्याकडची आई. त्याने सिलेंडर उचलायला हात घातला तर मी काट्यासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"खमीस, पहले इसको काटे पे रखो."

"क्यों मामा? ये खाली है. खलास."

"खाली है तो डर काय का? रखो."

"मामा, मैं गॅस बेचता है, वजन नहीं बेचता!" त्याने सगळ्यांकडे पाहून टाळीसाठी हात पुढे केला. कुणी टाळी दिली नाही. सगळ्या बायका ओळीने उभ्या होत्या, अश्विनी वेदाला शालीत गुंडाळून सगळ्यांच्या पुढे.

"खाली बोलके ले जाता है," मी म्हणाले, "तो खालीच ले जा ना, बेटा."

त्याने सिलेंडर काट्यावर ठेवला. मी कड्यावरच्या आकड्यावर बोट ठेवले. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. खमीसने डोक्यावरची टोपी मागे सरकवली, बराच वेळ काट्याकडे पाहिले, आणि मग असा हसत सुटला की वेदा दचकून रडायला लागली.

"मामा, मेरा कमर को मालूम था! हर हिवाळा में—" खरे तर तो 'शिता' म्हणाला, म्हणजे हिवाळा, "—हर शिता में मेरा कमर बोलता है, खमीस, ये जबल का खाली बहोत भारी है. मैं बोला, बुढ्ढा हो गया."

"फिर उस भारी खाली का क्या करता था?"

तो लाजला. खरेच लाजला. भारी लागणारे सिलेंडर तो वेगळे काढायचा आणि सासूच्या घरी द्यायचा. खाली पायथ्याशी ऊब असते, तिथे ते छान पेटायचे. सासू म्हणायची, जावई असावा तर असा. म्हणजे आमच्या पैशांनी खमीसच्या सासूच्या घरी भात शिजत होता, आणि इथे एक बाप लेकीचे तिकीट काढून बसला होता. मी त्याला ते सांगितले. मोडक्या हिंदीत, पण सगळे सांगितले. वेदाकडे बोट दाखवून सांगितले की ही परवा जाणार आहे.

खमीसचे हसू गेले. तो म्हणाला, पण मामा, रस्ता पाहा, ब्रेक जळतात, टायर जातात, मीही गरीब माणूस. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हणाले, रस्त्याचे पैसे आम्ही देऊ, घासाघीस न करता देऊ. डोंगर आम्ही बांधलेला नाही तसा तूही बांधलेला नाहीस. पण गॅसचे पैसे गॅसचेच. जो सिलेंडर परत जाईल तो तोलून जाईल, आणि आत जितके उरले असेल तितके नव्यातून वजा. शेजारी उभ्या सुलैमाननीही मान डोलावली, आणि ते अरबीत काहीतरी असे म्हणाले की खमीसने कानाला हात लावला. मग कहवा आला, खजूर आले.

"खलास?" मी विचारले.

"खलास, मामा. पण एक बात. मेरी सास को आप फोन करेगा."

सासूचा फोन आजोबांनी माझ्यावर ढकलला. तो संवाद पुन्हा कधीतरी प्रत्यक्ष ऐकवीन. तिला हिंदी येत नव्हती आणि मला अरबी, तरी दोघींना एकमेकींचे पूर्ण समजले.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे सिलेंडर सावलीतून काढून दक्षिणेच्या भिंतीशी लावले, जिथे दिवसभर ऊन असते. प्रत्येक घरी दोन ठेवले, आळीपाळीने वापरायचे. थकलेला उन्हात विसावतो आणि दुपारचा स्वयंपाक त्याच्यावर होतो; रात्रीला ताजा. महेश दोन रात्री हीटरपुढे बसून ज्योत बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे बरोबर शनिवारी, मी दारात झाडत होते तर तो कामाचे कपडे घालून समोर उभा. विमान त्याच दिवशीचे होते.

"निघालात का विमानतळावर?" मी विचारले.

"विमानतळावर कशाला? ड्यूटी आहे, काकू. तिकीट कालच रद्द केलं." आणि मग मान वळवून त्याने खोलीकडे ओरडून सांगितले, "गो, काकूंका सांगलंस नाय काय?"

आतून अश्विनीचे हसू आले. बाळाला पाळण्यात घातले होते, पाळणा म्हणजे आजोबांनी हॉटेलच्या जुन्या चादरीची बांधलेली झोळी. नाताळला मी आमच्याकडचे मैद्याचे गोल फुगे तळले, अश्विनीने घावणे केले, आणि दुपारच्या उन्हात, त्या दक्षिणेच्या भिंतीशी बसून आम्ही सगळे जेवलो. आजोबांनी वेदाला छातीशी धरले होते. तिने त्यांच्या मिशीला हात लावला आणि ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बघ, ही ओळखते मला." मी स्वयंपाकघरात काही आणायला निघून गेले.

या गोष्टीला आता तीन हिवाळे झाले. खमीस अजून येतो, अजून तोलतो. खालच्या दोन गावांनीही हीच पद्धत घेतली, तिथे त्याला ती 'मामाचा काटा' म्हणून सांगावी लागते. त्याचा धंदा बुडाला नाही. उलट लोक त्याच्याकडूनच घेतात, कारण तो तोलून देतो. माझी आई हे ऐकती तर तिला काही विशेष वाटले नसते. ती म्हणाली असती, यात काय, बॅग तर आधी तोलतातच.

आता तुमच्या टाकीविषयी. टँकर यायच्या आधी आणि गेल्यानंतर, दोन्ही वेळा टाकीतली पातळी पाहा, रेचल. हे काम तुझे, कारण बाबा विसरेल. टँकरचा मीटर शून्यावरून सुरू होतो का ते नोएलने पाहावे. तो उंच झाला आहे आणि त्याला कुणाच्या तोंडावर प्रश्न विचारायची लाज वाटत नाही, हे मला परवाच कळले. भाव नेहमी लिटरचा विचारायचा, टाकीचा नाही. थंडी पडल्यावर सगळे एकदम मागतात, तेव्हा भाव चढतो. म्हणून उन्हाळ्यात, सगळे समुद्रावर गेलेले असताना, भरून घ्यायची. आणि शेजाऱ्यांना सोबत घ्या. एकट्या बाईला खमीसने टाळीवारी नेले असते. आम्ही ओळीने उभ्या होतो म्हणून त्याने काट्याकडे पाहिले. पैसे देणाऱ्याने पैसे द्यावेत, पूर्ण द्यावेत, रस्त्याचे, टायरचे, घामाचे, सगळे द्यावेत. पण जे मिळालेच नाही त्याचे देऊ नयेत. आणि कोट घालून अभ्यास करू नकोस. हिशेब चोख ठेवलात तर दुपारची ऊबही परवडते.

लोक मला विचारतात, वसईला कधी जाणार? वाडी आहे, चिकू आहे, तराजू माझ्या भावाने अजून टांगून ठेवला आहे. पूर्वी मी म्हणायचे, घर म्हणजे वसई, बाकी सगळे मुक्काम. रुवीत असताना तसे वाटायचे. आता वेदा रोज सकाळी माझ्या दारावर थाप मारते, "आजी, उठलंस काय?" असे विचारते, आणि गुरुवारी खमीसचे तोलून झाले, काटा मोकळा झाला की त्यावर चढायचा हट्ट धरते. चढण्याआधी ती न सांगता चपला काढून बाजूला ठेवते, स्वेटर काढून आईच्या हातात देते. कारण तिला माहीत आहे की आपलेच वजन आपले. खमीस आकडा मोठ्याने वाचतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि दर वेळी आकडा वाढलेला असतो. ज्या अंगणात कुणाचे तरी असे वाढणे आपल्या डोळ्यांदेखत तोलले जाते, ते माझे घर. वसईला ते होते, म्हणून ती घर होती.

म्हणून या डिसेंबरला तुम्ही इकडे या. स्वेटर आणू नका, इथे आहेत. भेटवस्तूही आणू नका. दोन मोठ्या बॅगा आणा, पूर्ण रिकाम्या. आल्या आल्या त्या काट्यावर ठेवू, आणि मग मी भरायला बसेन.